बेड्यावरून उचलून नेले, दोन रात्री ठेवले, पण कागद कुठेच नाही: जबाब कोणाला विचारायचा?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. प्रश्नकर्ते यवतमाळ जिल्ह्यातल्या एका फासेपारधी बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, राहणारे पदवीधर तरुण आहेत आणि पोलीस भरतीची तयारी करीत आहेत. शेजारच्या गावात एका शेतकऱ्याच्या कोठ्यातून सोयाबीनची पोती चोरीला गेली. त्याच रात्री पोलिसांची गाडी थेट बेड्यावर आली, त्यांच्या मोठ्या भावासह तिघांना घेऊन गेली आणि दोन रात्री ठेवून तिसऱ्या दिवशी सोडून दिले. अटक दाखवली नाही, नोटीस दिली नाही, कुठे सहीही घेतली नाही. विचारायला गेलेल्या वडिलांना "तुमच्या लोकांशिवाय दुसरे कोण करणार" एवढेच उत्तर मिळाले. प्रश्न तीन आहेत: हा त्या एका ठाणेदाराचा स्वभाव आहे की खात्याचीच रीत, जबाब नेमका कोणाला विचारायचा, आणि तक्रार केल्यास भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत अडचण येईल का.

मी फौजदार म्हणून खात्यात लागलो, ग्रामीण विदर्भातल्या ठाण्यांमध्ये नोकरी केली आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता तालुक्याच्या ठिकाणी अशा प्रकरणांत लोकांना अर्ज लिहून देतो. म्हणून सुरुवातीलाच सांगतो की तुमच्या पहिल्या प्रश्नात दिलेले दोन्ही पर्याय मला अपुरे वाटतात. तो ठाणेदार उद्या बदलून गेला आणि अतिशय सौम्य बोलणारा अधिकारी आला, तरी पुढच्या चोरीच्या रात्री गाडी बेड्यावरच येण्याची शक्यता मोठी आहे. खरी अडचण अशी की तुमच्या भावाच्या त्या दोन रात्री सरकारी कागदावर घडलेल्याच नाहीत, आणि जे कागदावर नाही त्याचा जबाब खात्यात कोणीच कोणाला विचारत नाही.

पारध्यांकडे बोट दाखवण्याची ही सवय कायद्यानेच लावलेली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवले. १९११ आणि १९२४ मध्ये तो आणखी कडक करण्यात आला. नोंदणी, ठाण्यावरची हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडण्यास मनाई, हे सारे त्यात होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, परंतु सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि आपल्याकडे त्यातला १९५९ चा कायदा लागू झाला. कागदोपत्री हा कायदा व्यक्तीच्या पूर्वीच्या शिक्षांवर आधारलेला आहे, जमातीवर नाही. व्यवहारात मात्र ठाण्यातल्या याद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिल्या. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये भारताविषयी निरीक्षणे नोंदवताना विमुक्त जमातींवरच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून मुक्त झालेल्या जमातींवरच्या, या शिक्क्याचा उल्लेख करून सराईत गुन्हेगार कायदा रद्द करण्याची शिफारस केली होती. आपण वंशभेद म्हटले की परदेशातल्या बातम्या आठवतो. त्या समितीला तो आपल्या बेड्यांवरही दिसला.

आता ठाण्यात काय होते ते सांगतो, कारण बाहेरून ते दिसत नाही. चोरी झाली की शेतकरी रडत येतो. त्याचे वर्षभराचे पीक गेलेले असते आणि त्याचा संताप खरा असतो. पाठोपाठ सरपंचाचा, मग एखाद्या पुढाऱ्याचा फोन येतो. महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये पोलीस अधीक्षक प्रत्येक ठाणेदाराला मालमत्तेचे किती गुन्हे उघडकीस आले ते सर्वांसमोर विचारतात. बीट अंमलदाराकडे अनेक गावे असतात, मनुष्यबळ कमी, आणि बंदोबस्तातून तपासाला वेळ मिळणे कठीण. अशा वेळी ठाणेदाराला काहीतरी केल्याचे दाखवणे भाग असते. गावातल्या दहा घरांवर संशय असला तरी त्या दहा घरांमागे नातेवाईक, मतदार, वकील आणि बातमीदार उभे असतात. बेड्यामागे कोणी उभे नसते. त्यामुळे बेड्यावर जाणे हा सर्वात कमी खर्चाचा मार्ग ठरतो. त्यात द्वेष असतोच असे नाही. पुष्कळदा निव्वळ सोय असते, आणि मला ही सोय द्वेषापेक्षा जास्त घातक वाटते, कारण द्वेष करणारा माणूस निदान ओळखू येतो, तर सोयीने वागणारा स्वतःला चांगला समजत राहतो.

तपासाच्या दृष्टीनेही ही पद्धत वाईट आहे, हे खात्यातल्या लोकांनी विशेष लक्षात घ्यावे. सोयाबीनची वीस-पंचवीस पोती डोक्यावरून नेता येत नाहीत. त्यासाठी गाडी लागते, गाडीला रस्ता लागतो, कोठ्यात माल आहे आणि मालक त्या रात्री गावात नाही ही माहिती लागते, आणि नंतर तो माल घेणारा माणूस लागतो. म्हणजे तपासाची दिशा रात्री रस्त्यावर दिसलेल्या मालवाहू गाड्या, पेट्रोल पंपावरचे कॅमेरे, खासगी खरेदीदारांच्या वह्या, वजनकाट्याच्या पावत्या आणि त्या कोठ्यावर अलीकडे काम केलेले मजूर यांच्याकडे जायला हवी. मोटारपंप, केबल किंवा ठिबकच्या नळ्या गेल्या तर भंगाराचा व्यवहार तपासावा लागतो. हे सगळे कष्टाचे काम आहे. ज्या बेड्यावर मोटारसायकलीपलीकडे वाहन नाही तिथून तीन माणसे उचलली की त्या दोन दिवसांत हा माल विकून मोकळा होतो. शेतकऱ्याला त्याचे सोयाबीन मिळत नाही आणि गावाची समजूत मात्र पक्की होते की पोलीस पारध्यांना घेऊन गेले, म्हणजे त्यांनीच केले असणार. पुढच्या चोरीच्या वेळी फिर्यादी स्वतःच संशयित म्हणून बेड्याचे नाव सांगतो, आणि ठाण्याला आपल्याच कृतीतून पुरावा मिळाल्यासारखे होते.

नवा शिपाई हे सारे कुठल्या वर्गात शिकत नाही. प्रशिक्षण केंद्रात त्याला राज्यघटना, मानवी हक्क, अटकेचे नियम शिकवले जातात आणि तो त्यात उत्तीर्णही होतो. पण ठाण्यात आल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्याला कळते की साहेबांचा तोंडी आदेश लेखी नियमापेक्षा वरचा असतो. ज्याने स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, खरी वेळ लिहिली तो "आपला माणूस" राहत नाही. त्याला साप्ताहिक सुटी मिळत नाही, अवघड बंदोबस्त त्याच्याच वाट्याला येतो. मी अशी माणसे पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु खात्याने त्यांचा सन्मान केलेला फारसा पाहिला नाही.

उत्तरदायित्वाचा प्रश्न इथेच अडतो. प्रकरण अंगाशी आले की निलंबित होतो तो हवालदार किंवा शिपाई. निलंबन ही शिक्षा नव्हे. चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवणे एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. पुढे विभागीय चौकशी रेंगाळते, साक्षीदार म्हणून बोलावलेले बेड्यावरचे लोक तोवर मजुरीला परगावी गेलेले असतात आणि प्रकरण सक्त ताकीद किंवा एखादी वेतनवाढ रोखण्यावर मिटते. ज्याने "आणा त्यांना" असे फोनवर सांगितले त्याचे नाव कागदावर येतच नाही.

न्यायालयात काय होऊ शकते याचे एक उदाहरण आपल्याच भागातले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा गुन्हा दाखल झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा त्या निकालाचा एक आधार होता. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीवरील अत्याचाराला वेगळी आणि कडक शिक्षा आली आणि संमती नव्हती असे तिने साक्षीत सांगितले तर न्यायालयाने तसेच गृहीत धरण्याची तरतूद आली. तरीही त्या दोघा पोलिसांच्या बाबतीत काहीच बदलले नाही. कायदा पुढच्यांसाठी सुधारतो. मागचा हिशेब त्याच वेळी झाला नाही तर राहून जातो. म्हणून तुम्हाला माझा आग्रह आहे की थांबू नका.

काय करायचे ते आता सांगतो. आधी हे समजून घ्या की "चौकशीसाठी ताब्यात" अशी कोणतीही अवस्था कायद्यात नाही. माणूस एकतर स्वतःच्या इच्छेने किंवा नोटिशीवरून ठाण्यात आलेला असतो आणि उठून घरी जाऊ शकतो, नाहीतर तो अटकेत असतो. अटकेत असेल तर कारण सांगणे, नातेवाइकांना कळवणे, अटकेचा पंचनामा करून त्यावर साक्षीदाराची सही घेणे, वैद्यकीय तपासणी आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे हे सारे बंधनकारक आहे. राज्यघटनेचे कलम २२, अटकेविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा डी. के. बसू निकाल आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या तिन्हींत ते वेगवेगळ्या शब्दांत आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक न करता आधी नोटीस द्यावी, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, जी मुळात तुरुंगातल्या जातिभेदाविषयी होती, निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी अर्नेश कुमार निकालातील निर्देश पाळावेत असेही बजावले. तुमच्या अर्जात या निकालाचा उल्लेख अवश्य असावा.

अर्ज लिहिताना भावनेचा भाग कमी ठेवा आणि कागद मागा. कोणत्या गुन्हा क्रमांकात, कोणत्या कलमाखाली, कोणाच्या आदेशाने या तिघांना नेले. गाडी ठाण्यातून किती वाजता निघाली आणि परतली, तिच्या लॉगबुकात काय आहे. स्टेशन डायरीत त्या तारखांना कोणत्या नोंदी आहेत. या तिघांना सोडताना कोणाच्या ताब्यात दिले. हे प्रश्न ओळीने विचारा. "मारहाण झाली, अन्याय झाला" या अर्जाला "तसे काही घडले नाही" हे एका ओळीचे उत्तर पुरते. वरील प्रश्नांना मात्र एकतर नोंद दाखवावी लागते, नाहीतर नोंद नाही असे लेखी द्यावे लागते, आणि नोंद नाही हेच तुमचे म्हणणे आहे. आदेश कोणाचा हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. तो विचारला नाही तर चौकशी गाडी चालवणाऱ्या शिपायावर येऊन थांबेल.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या प्रवेशद्वारावर, कोठडीत, व्हरांड्यात, आवारात कॅमेरे असावेत, चित्रण अठरा महिने आणि यंत्रणा तेवढी नसल्यास किमान एक वर्ष जपावे, असे सांगितले, आणि कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणे प्रमुखावर टाकली. व्यवहारात चित्रण "तांत्रिक कारणाने उपलब्ध नाही" असे उत्तर येऊ शकते. तेही लेखी येऊ द्या. पण मागणी आजच करा, तारीख आणि वेळ घालून "हे चित्रण जतन करावे" असे स्पष्ट लिहा, म्हणजे नंतर ते गेले तर ते कोणाच्या ताब्यात असताना गेले हे ठरेल.

अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने आणि ई-मेलने पाठवा आणि प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना द्या. पोलीस सुधारणांविषयीच्या २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली. विहित पद्धत न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता हा विषय त्यांच्या कक्षेत येतो. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जाता येते. फौजदारी कारवाई करायची असेल तर मात्र आणखी घाई करा, कारण पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधील सहा महिन्यांच्या मुदतीचा मुद्दा दुसरी बाजू हमखास उपस्थित करते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

हे झाले घडून गेल्यानंतरचे. पुन्हा कधी रात्री गाडी आली तर त्याच क्षणी ११२ वर फोन करून नावे, गाडीचा क्रमांक आणि ठाण्याचे नाव सांगा. पोलिसांविरुद्ध पोलिसांनाच फोन करणे विचित्र वाटेल, पण त्या फोनची वेळ संगणकावर नोंदली जाते आणि ती ठाण्यातल्या पेनाने बदलत नाही. माणूस चोवीस तासांत परतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी बेकायदा अडकवलेल्या व्यक्तीचा शोध घेण्याचे वॉरंट काढू शकतात. हे कलम तालुक्याच्या न्यायालयात फार कमी वापरले जाते. वकिलाला मुद्दाम आठवण करून द्या. सुटल्यावर माणसाला आधी घरी नेऊ नका, आधी सरकारी दवाखान्यात न्या. अंगावरचा वळ चार-पाच दिवसांत जातो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुमच्या प्रश्नातून मला कळत नाहीत. भावावर पूर्वीचे गुन्हे असतील तर ठाणे त्याचाच आधार घेईल. तेव्हा ते आधीच अर्जात सांगून टाकणे चांगले, कारण पूर्वीच्या गुन्ह्यामुळे बेकायदा डांबणे कायदेशीर होत नाही. पारधी अनुसूचित जमातीत असल्याने अत्याचार प्रतिबंधक कायदा तुम्हाला लागू होतो, त्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच जातो, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो अधिकारी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर तो कायदा त्याच्यावर लागत नाही. विदर्भाच्या बहुतेक भागात कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात, त्यांनाही हे संरक्षण आहे; बंजारा किंवा अन्य विमुक्त जातींना मात्र नाही, त्यांनी सर्वसाधारण कायद्यानेच जावे. आणि तक्रारीनंतर प्रतिबंधक कारवाईचे प्रकरण, ज्याला आपण चॅप्टर केस म्हणतो, मागे लावले जाण्याची भीती खोटी नाही. तिघांच्या कुटुंबांनी मिळून तक्रार केली, अर्जाची प्रत आधीच वर गेलेली असली आणि वकिलाचे नाव त्यावर असले, तर तशी कारवाई करणाऱ्याला तिच्या वेळेचे स्पष्टीकरण द्यावे लागते. भीती त्याने कमी होते, संपत नाही.

भरतीविषयी बोलायचे तर भावाला नेऊन सोडले, गुन्हा नोंदला नाही, यात तुमच्या चारित्र्य पडताळणीचा काहीच संबंध नाही. तक्रार करणे हा गुन्हा नाही आणि पडताळणीच्या नमुन्यात तक्रारींविषयी रकाना नसतो. तुमच्या स्वतःच्या नावावर एखादा गुन्हा किंवा प्रतिबंधक कारवाई असेल तर ती लपवू नका. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने माहिती लपवणे आणि किरकोळ प्रकरण असणे यांचा वेगळा विचार केला आहे. किरकोळ प्रकरण उघड सांगणाऱ्याचा विचार नियुक्ती देणारा अधिकारी करू शकतो, लपवणाऱ्याची लागलेली नोकरीही जाऊ शकते.

खात्यात जावे की नाही हे मी सांगणार नाही, पण काय वाट्याला येईल ते सांगतो. पारधी शिपायाला पुष्कळदा त्याच्याच बेड्याची माहिती काढण्यासाठी वापरले जाते: "तू तिथला आहेस, तूच विचार." नकार दिला तर समाजाची बाजू घेतो म्हणतात, होकार दिला तर बेड्यावर तोंड दाखवणे कठीण होते. आपल्या समाजाची माणसे खात्यात गेली की खाते आपोआप बदलेल, या म्हणण्यावर माझा फारसा विश्वास नाही. मात्र स्टेशन डायरी अंमलदाराच्या खुर्चीवर कोण बसले आहे याने फरक पडतो. ठाण्यात आणलेल्या प्रत्येक माणसाची आल्याची वेळ तिथे लिहिली गेली तर तोंडी आदेशाला पहिल्यांदा तारीख मिळते. तुम्ही गेलात तर ते काम मागून घ्या. ते कंटाळवाणे समजले जाते, त्यामुळे सहसा मिळते.

तूर्त चोरीच्या गुन्ह्याची प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, मिळवा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर संवेदनशील गुन्हे वगळता ती पाहता येते. त्यात संशयित म्हणून कोणाचे नाव आहे की "अज्ञात" लिहिले आहे, आणि खबर नोंदल्याची वेळ बेड्यावर गाडी आल्याच्या वेळेआधीची आहे की नंतरची, हे पाहून इथे कळवा. वेळ नंतरची निघाली तर अर्जाचा पहिला परिच्छेद त्यावरच लिहावा लागेल.